निळ्या पिंपातलं विरजण

फिनाईलकाकांना हे नाव हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी ठेवलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. आयुष्यभर ते ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत राबले. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, कापडाचे गठ्ठे, सगळं त्यांच्या हाताखालून वाफेच्या मोठ्या भांड्यात जायचं आणि तिथून थेट डॉक्टरांच्या टेबलावर. काकांच्या पाळीतल्या अवजारांमुळे कुणाची जखम चिघळली, असं कधी कुणाच्या तोंडून निघालं नाही. माणूस तसा गरीब गाय, पण जंतू म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. घरी आले की आधी हात धुवायचे, मग चप्पल, मग चपलेला लागलेले हात पुन्हा. दाराच्या कडीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही त्या भांड्यात घालून वाफवून काढाल." यावर ते हसायचे नाहीत, कारण विचार त्यांना अगदीच वावगा वाटायचा नाही.

बायकोचं जग मात्र घरामागे होतं. तिथे हिरव्या जाळीखाली लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर रोपांचे ट्रे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी. ती बी पेरायची, रोपं बोटभर वर आली की त्यांना जपायची आणि जरा अंग धरलं की आसपासचे बागायतदार येऊन घेऊन जायचे. मुलगा शाळेत होता तेव्हा तिने हे सुरू केलं. मुलगा शिकून परगावी नोकरीला लागला तरी तिचं पेरणं काही थांबलं नाही. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांची कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. ते घरी असले की ती जाळीत, आणि ती घरात आली की ते झोपलेले. संसार झाला, चांगला झाला, पण दोघं एकाच वेळी एकाच ठिकाणी जागे आहेत, असं फार कमी वेळा घडलं.

निवृत्त झाल्यावर काकांनी प्रथम स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डबे उकळले, फडकी उकळली, चमचे उकळले. लाटणं उकळायला निघाले तेव्हा बायकोने त्यांना मागे पिटाळलं. "जरा रोपांत जाऊन बसा. हिरवं बघून डोळ्यांना बरं वाटतं," ती म्हणाली. काका मनातून सुखावले. इतक्या वर्षांनी बायकोबरोबर चार घटका बसायला मिळणार होतं. आणि नुसतं बसायचं नव्हतं त्यांना. तिच्या कामाला आपला हात लागावा, तिला आपला काही उपयोग व्हावा, एवढीच त्यांची हाव होती. बसून खाणारा म्हातारा व्हायची त्यांना फार भीती वाटत होती.

घोळ झाला तो या हावेपायीच. बायको बाजारात गेली होती. काकांनी जाळीत शिरून चौफेर नजर टाकली आणि त्यांना कोपऱ्यातलं निळं पिंप दिसलं. झाकण उघडलं तर आत तपकिरी पाणी, वर पातळशी साय, कडेला बुळबुळीत थर आणि आंबूस वास. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक बाटली होती, तिच्यातही तेच. बिचारी एकटी कुठे कुठे पुरी पडणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. ती परतली तेव्हा पिंप आतून-बाहेरून चकचकीत होऊन उन्हात पालथं पडलं होतं.

"पिंप कुणी धुतलं?" तिने विचारलं.

"मी," काका म्हणाले. शाबासकी आता येतेच आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "काय थर होता आत. जंतूंनी नुसता उच्छाद मांडला होता. ब्लिचिंग लावून घासलं आणि वरून उकळतं पाणी ओतलं. बाटलीतलंही नासलं होतं, तीही उकळून ठेवली आहे."

बायको पिंपाकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "अहो, ते जंतू मी पाळले होते."

काकांना वाटलं, ती थट्टा करते आहे. कुत्रं पाळतात, मांजर पाळतात, जंतू कुणी पाळतं का? पण ती पालथ्या पाटीवर बसली आणि तिने सगळं नीट सांगितलं. मातीत एक बुरशी असते. ढगाळ हवा आणि ओल मिळाली की ती कोवळ्या रोपाला बुंध्याशी धरते. सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं. त्याला मर म्हणतात. पूर्वी ती औषधं फवारायची. हातावर पुरळ उठायचं आणि मर यायची ती यायचीच. मग कृषी प्रयोगशाळेतल्या एका मुलीने तिला बाटलीतून हे जिवाणू दिले. ते गुळाच्या पाण्यात वाढवायचे, बियांना चोळायचे, रोपांच्या मुळाशी ओतायचे. ती त्याला विरजणच म्हणायची.

"आपण गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं आहे हे," ती म्हणाली. "हे आधी जाऊन मुळाभोवती बसतात. बुरशी येते तेव्हा तिला टेकायला जागा नसते, खायला काही उरलेलं नसतं. शिवाय हे अंगातून असं काही सोडतात, की ती त्यांच्या शेजारी नांदूच शकत नाही."

"म्हणजे हे चांगले जंतू," काका चाचरत म्हणाले.

"तुम्ही रोज जेवताना दही खाता, ते कोण लावतं?"

काकांनी दह्याचा असा विचार कधी केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी ताटातलं दही बराच वेळ न्याहाळलं आणि मग खाल्लं.

प्रयोगशाळेतून नवी बाटली यायला वेळ लागला. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि ते काही हटेना. मिरचीचं बी तिने त्याच आठवड्यात तसंच, काही न चोळता पेरलं होतं. रोपं वर आली, दोन पानांवर आली आणि कोपऱ्यापासून आडवी पडत गेली. बुंध्याशी दोऱ्यासारखी बारीक होऊन एकेक कलंडायचं. बायको दिवसभर वाकून मेलेली रोपं उपटत होती आणि काका जाळीच्या दाराशी उभे होते. आत जायचं त्यांना धाडस होईना. तिने चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. ती एक अक्षर बोलली नाही. बागायतदाराला तिने स्वतःच कळवलं, की या खेपेला मिरची होणार नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "हवा वाईट होती."

पुढे तिने त्यांना जाळीत येऊ नका, असं कधी म्हटलं नाही. पण काकांनी झाडू हातात घेतला की ती तो हळूच काढून घ्यायची. "राहू दे, मी करते." झारी उचलली की, "राहू दे हो." काकांना याचा अर्थ पुरता ठाऊक होता. हॉस्पिटलात नवख्या मुलाच्या हातून अवजारांचा ट्रे पडला की तेसुद्धा रागवायचे नाहीत. "राहू दे रे, मी नेतो," एवढंच म्हणायचे आणि त्या मुलाला पुन्हा ट्रे उचलू द्यायचे नाहीत. आता काका आपले घरात येऊन वर्तमानपत्र वाचायचे. एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं जायचं.

बायकोचा गुडघा कधीपासून कुरकुरत होता. उकिडवं बसून बसून त्याची पार वाट लागली होती. आज करू, उद्या करू म्हणत तिने ऑपरेशन पुढे ढकललं आणि शेवटी एक दिवस तिला मांडणीला धरूनही उठता येईना. तारीख मिळाली ती नेमकी अडनिडी. टोमॅटोची मोठी पेरणी नुकती झाली होती, बी जेमतेम फुटत होतं आणि तिला आठवडाभर तरी हॉस्पिटलात राहायचं होतं. हे टोमॅटोही गेले असते तर बागायतदारांनी दुसरी रोपवाटिका धरली असती, आणि त्यांचं काय चुकलं असतं?

कुंपणापलीकडे शेजारीण राहायची. ती कधीमधी ट्रे भरायला यायची, तिला काम माहीत होतं. काका आत पाणी पीत होते तेव्हा बायको तिच्याशी बोलत होती. "रोजचं यांनाच करू दे. बरं नाही दिसत, सरळ नको म्हणणं. पण तू फोन जवळ ठेव. मी हॉस्पिटलातून कळवलं की लगेच ये आणि सगळं हातात घे. यांना म्हणावं, तुम्ही बसा."

काकांनी पेला खाली ठेवला. बोलणं तिचं रास्तच होतं, तरी फार लागलं त्यांना. एका फोनवर आता त्यांची किंमत ठरणार होती.

जायच्या आधी तिने त्यांना सगळं शिकवलं आणि काकांनी नव्या परिचारिकेसारखं कान देऊन ऐकलं. पिंप सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. गूळ किती, पाणी किती. "नळाच्या पाण्यात तुमचं ब्लिचिंग असतं," ती म्हणाली. "आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा, म्हणजे ते उडून जाईल." नुसतं पाणी सकाळीच घालायचं, संध्याकाळी पानं ओली राहता कामा नयेत. पिंपातलं मात्र ऊन उतरल्यावर थेट मुळाशी ओतायचं, कारण उन्हाने जिवाणू मरतात. वास आंबूस-गोड आला तर ते मजेत आहेत, कुजका आला तर बिघडलं. "आणि मर आली तर?" काकांनी विचारलं. "धरलेली रोपं वाचत नाहीत," ती म्हणाली. "ती सोडायची. न धरलेल्यांना सांभाळायचं."

ऑपरेशन काकांच्याच हॉस्पिटलात होतं. आदल्या दिवशी सकाळी काका आपल्या जुन्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आतला माणूस त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. "काका, तुम्ही शिकवलंत तसंच सगळं आहे," तो म्हणाला. तरी काका हलले नाहीत. गठ्ठ्यावरच्या पट्टीचा रंग वाफेने बदललेला, म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक झालेलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हाच निघाले. आणि घरी येऊन पिंपात गूळ घातला. सकाळी एकही जंतू जिवंत राहू नये म्हणून पहारा देणारा माणूस संध्याकाळी जंतूंना भरवत बसला होता. त्यांचं त्यांनाच हसू आलं. हातातली काठी फिरवता फिरवता ते पिंपाला म्हणाले, "जेवा बाबांनो पोटभर. आणि माझी लाज राखा."

ऑपरेशन नीट झालं. सोबतीला बायकोची धाकटी बहीण राहिली आणि काका रोज भेटायच्या वेळेला जायला लागले. "रोपं कशी आहेत?" हा तिचा पहिला प्रश्न. काका खुर्ची ओढून बसायचे आणि सुरू व्हायचे. ढवळायची काठी आखूड आहे, कंबर मोडते. गुळाला मुंग्या लागतात, त्या निवडता निवडता नाकी नऊ येतात. झारीचं तोंड वाकडं आहे, ती पाणी रोपांना कमी आणि माझ्या पायांवर जास्त घालते. मेहुणी कंटाळून बाहेर जाऊन बसायची. बायको उशीला टेकून सगळं ऐकून घ्यायची.

मग आभाळ भरून आलं. वारा पडला, जाळीच्या आत घुसमट झाली आणि पानांवरचं पाणी दुपारपर्यंत सुकेना. सकाळी काका आत गेले आणि भिंतीकडच्या मांडणीशी थबकले. ट्रेच्या एका टोकाला काही रोपं आडवी झाली होती. त्यांनी वाकून पाहिलं. बुंधा दोऱ्यासारखा.

काकांचे पाय आपसूक न्हाणीघराकडे वळले आणि हात ब्लिचिंगच्या डब्यावर जाऊन थांबला. आयुष्यभर हेच केलं होतं. काही धोका दिसला की सगळं मारून टाकायचं, म्हणजे मग शांत झोप. आता मात्र मारलं तर रोपांचे राखणदारच आधी मरणार होते. त्यांनी डबा जागेवर ठेवला आणि परत जाळीत गेले. पडलेली रोपं आणि त्यांच्या लगतची, दिसायला धडधाकट होती तीसुद्धा, ट्रेसकट बाहेर काढली. त्यातली काही इतकी छान उभी होती की त्यांचा जीव तुटला. लांब खड्डा खणून सगळी पुरली. रिकामे ट्रे मात्र पुढच्या अंगणात नेऊन ब्लिचिंगने असे घासले, की जुनी हौस पुरती भागली. जाळीच्या बाजू गुंडाळून वर बांधल्या, वारा खेळू दिला. पाणी तोडलं. ऊन उतरल्यावर पिंपातलं काढून राहिलेल्या प्रत्येक ट्रेच्या मुळाशी घातलं. आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. वाट बघण्याची त्यांना सवयच नव्हती. त्यांच्या खोलीत भांड्याची शिट्टी झाली की काम फत्ते व्हायचं. इथे कुणी शिट्टी देत नव्हतं.

हॉस्पिटलात जाताना त्यांनी वाटेत ठरवून टाकलं. तिचं अंग ठणकतंय, तिला कशाला घोर लावायचा? आणि दुसरंही कारण होतं, ते त्यांनी स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नाही. तिला कळलं तर तो फोन जाणार होता.

"रोपं कशी आहेत?" बायकोने विचारलं.

"सगळं छान," काका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाली. आणि मग, "जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्रे गेला. काकांनी तोही उचलला, शेजारचाही उचलला. कुंपणाच्या फाटकाचा आवाज झाला की त्यांना वाटायचं, आली शेजारीण. पण ती आली नाही. ती आपली तिच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, त्यांना बघून नेहमीसारखी हसली. संध्याकाळी बायकोने पुन्हा विचारलं आणि काकांनी पुन्हा तेच सांगितलं. ती पुन्हा "बरं" म्हणाली आणि त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघून बहिणीकडून सुई-दोरा मागवला.

तिसऱ्या दिवशी एकही रोप पडलं नाही. काकांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसून प्रत्येक ट्रे पुन्हा पाहिला. चौथ्या दिवशीही नाही. ऊन पडलं, जाळीत हवा फिरली आणि पानं टवटवीत दिसायला लागली. काकांनी भीत भीत एक रोप मातीसकट अलगद उपसून पाहिलं. मुळं पांढरीशुभ्र होती, दाट, एकमेकांत गुंतलेली. त्या मुळांवर डोळ्यांना न दिसणारे त्यांचे पाहुणे दाटीवाटीने बसले असणार. ज्यांच्याशी जन्मभर वैर केलं, त्यांच्याबद्दल काकांना इतकी माया वाटली की त्यांनी ते रोप दोन्ही हातांनी परत जागेवर लावलं आणि बोटांना माती तशीच राहू दिली.

बायको घरी आली ती वॉकर टेकत टेकत. बहीण म्हणत होती, आधी पड. तिने ऐकलं नाही. "आधी रोपं," म्हणाली आणि घराच्या कडेकडेने थेट मागे निघाली. काका दोन पावलं मागे, पडली तर धरायला.

जाळीत शिरल्यावर ती थांबली. उजवीकडे टोमॅटो तरारले होते, एकेक रोप ताठ उभं. भिंतीकडची मांडणी मात्र अर्धी रिकामी होती. ती रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि काकांना वाटलं, आता बोलून टाकलेलं बरं.

"मर आली होती," ते म्हणाले. "ढग आले तेव्हा. तेवढी गेली. मी तुला खोटं सांगितलं."

"मला माहीत होतं."

"शेजारणीने सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत. 'सगळं छान' म्हणालात ना." तिने वॉकर मांडणीला टेकवला आणि तिची कड धरून उभी राहिली. "अहो, तुम्ही हॉस्पिटलातून घरी यायचात आणि कुरकुर सुरू करायचात. साबण संपला होता, अमका उशिरा आला, तमक्याने दार उघडं टाकलं. मी समजायची, आज सगळे पेशंट सुखरूप आहेत. आणि कधीतरी यायचात, मुकाट जेवायला बसायचात आणि विचारलं की म्हणायचात, 'सगळं छान.' तेव्हा मी समजायची, आज टेबलावर कुणीतरी गेलं."

काकांना वाटत होतं, की ते सगळं त्यांनी तिच्यापासून लपवलं. ती मरणं त्यांनी दाराबाहेर चपलेबरोबर धुऊन मगच घरात पाऊल टाकलं, असा त्यांचा इतक्या वर्षांचा समज होता. आणि ही प्रत्येक वेळी समोर बसून जेवण वाढत होती, तिला सगळं कळत होतं.

"मग कळल्यावर शेजारणीला फोन का नाही केलास?" त्यांनी विचारलं.

"हातात घेतला होता," बायको म्हणाली. "नंबरही काढला. मग म्हटलं, तुम्ही आहात की तिथे."

एवढं बोलून ती टोमॅटोंकडे वळली आणि एकेक पान उलटून बघायला लागली. काका रिकाम्या मांडणीवर सांडलेली माती हातांनी गोळा करत राहिले. त्यांना खूप काही सांगायचं होतं. डोळे पुसायला हात न्यावा तर हाताला माती. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि खाकरले.

"तो रिक्षावाला एकही खड्डा सोडत नव्हता," ते म्हणाले. "सांगितलं होतं त्याला, हळू घे म्हणून. आणि हा वॉकर तुला उंच झाला आहे, पाठ दुखेल अशाने. त्या दुकानदाराने बघून द्यायला नको? पावतीही धड दिली नाही. वर म्हणतो कसा, वापरून बघा..."

बायको मांडणीला टेकून उभी होती. ते थांबेपर्यंत तिने सगळं ऐकून घेतलं.